वस्तरा परजताना: धार राखायची रीत, पट्ट्यापासून डबीपर्यंत

माझ्या पहिल्या वस्तऱ्याची धार दाढी करून गेली नाही, मी ती पट्ट्यावर घालवली, म्हणजे धार राखायला वस्तरा ज्यावर फिरवतात त्या चामड्याच्या पट्ट्यावर. तीनेक आठवडे रोज सकाळी मोठ्या निष्ठेनं पट्ट्यावर हात चालवायचो आणि रोज वस्तरा कालच्यापेक्षा थोडा जास्त ओढायचा. पोलाद हलकं असेल, धार लावणाऱ्यानं फसवलं असेल, माझी दाढीच राठ असेल, असं सगळ्यांवर खापर फोडून झाल्यावर एक दिवस भिंग लावून पाहिलं. काठ गोल झाला होता. पट्ट्याला ताण नव्हता आणि माझ्या हाताला वजन फार होतं. दोघांनी मिळून काम फत्ते केलं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की वस्तऱ्याची धार हनुवटीवर जेवढी जाते त्याहून जास्त पट्ट्यावर आणि ओलाव्यात जाते. म्हणून या लेखाचा मुक्काम त्या दोन जागांवर जास्त आहे. दाढी कशी करावी हा वेगळा विषय. धारेशी संबंध येईल तेवढाच त्याला हात लावतो.

एक खुलासा आधीच करतो. ज्या वस्तऱ्यात ब्लेड बसवायचं आणि बोथटलं की बदलायचं, त्याला यातलं काहीच लागत नाही. हा लेख अखंड पोलादी पात्याच्या, मुठीत मिटणाऱ्या वस्तऱ्याचा.

काठावर काय घडतं

पात्याच्या दोन बाजूंचे उतार जिथे एकमेकांना भेटतात ती रेघ म्हणजे धार. नीट लावलेल्या वस्तऱ्यात या रेघेची जाडी एका मायक्रॉनच्याही आत असते, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. दाढीचा एक केस १०० मायक्रॉनच्या आसपास, राठ असेल तर त्याहूनही जाड. इतकी पातळ किनार रोज काही हजार केसांना सामोरी जाते, तेव्हा ती थोडी लवते, थोडी झिजते, कुठे कुठे तिचे बारीक टवके उडतात.

केसासारख्या मऊ वस्तूनं पोलादाचा टवका कसा उडेल, असा प्रश्न पडतोच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून याचा छडा लावला आणि २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो छापला. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण. तरीही केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची आतली घडण एकसारखी नसली, तर काठाचा कण निघून येतो. केस काठाला काटकोनात उभा सापडला की असं होत नाही. त्यांचे प्रयोग वापरून फेकायच्या रेझरवर होते, पण आपल्यासाठीही त्यात धडा आहे: सुकी, धड न भिजलेली दाढी आणि सैल कातडी हे धारेचे शत्रू. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यानं दाढी भिजवली की केस पाणी पितो आणि मऊ होतो. कातडी ताणून धरली की तो फारसा वाकत नाही. पट्ट्यावरची निम्मी मेहनत इथेच वाचते.

आता पट्टा काय करतो? ‘वाकलेली धार सरळ करतो’ हे नेहमीचं उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. चामडं काठाला अगदी हलकी झिलई देतं, त्यावर बसलेला गंजाचा सूक्ष्म थर आणि साबणाचा अंश पुसून नेतं, आणि लवलेली किनार रेघेत आणतं. उडालेला टवका मात्र पट्ट्यानं भरून येत नाही. बोथट वस्तरा पट्ट्यावर पाचशे वेळा फिरवला तरी तो बोथटच राहणार, फक्त चकचकीत बोथट. पट्टा असलेली धार राखतो. धार नव्यानं आणायचं काम दगडाचं.

नव्या माणसाचा घोटाळा इथेच होतो. नवा म्हणून विकला जाणारा प्रत्येक वस्तरा दाढीला तयार असतोच असं नाही. कारखान्यातून येताना त्याला धार असते, पण बरेचदा ती चेहऱ्याच्या कामाची नसते. अशा वस्तऱ्यावर तुम्ही पट्ट्याचे प्रयोग करत बसलात, तर दोष पट्ट्याचा, हाताचा की मुळातल्या धारेचा, हे कधीच कळणार नाही. पहिला वस्तरा जाणकाराकडून दगडावर लावून घ्या आणि पहिली दाढी पट्टा न मारता करा. चांगली धार चेहऱ्यावर कशी लागते ते त्या दिवशी लक्षात ठेवा. पुढची सगळी मोजमापं त्या आठवणीशी ताडून बघायची आहेत.

पाठ हीच मोजपट्टी

वस्तऱ्याची जाड कड म्हणजे पाठ. पातं आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, आणि धारेचा कोन आपोआप ठरतो. हिशेब सोपा आहे. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १९ मिलिमीटर असेल, तर दोन उतारांमधला कोन १५ अंशांच्या जवळ येतो. बहुतेक वस्तरे १५ ते १७ अंशांच्या मध्ये बसतात. स्वयंपाकाच्या सुरीला कोन हातानं सांभाळावा लागतो. वस्तरा घडवणाऱ्यानं तो पात्यातच घालून दिलेला असतो.

म्हणून पट्ट्यावर असो की दगडावर, पाठ उचलायची नाही. ती केसभर जरी उचलली, तरी पात्याचा सगळा भार धारेच्या टोकाशी येतो आणि ती गोल व्हायला लागते. पट्ट्यावरच्या बहुतेक चुका या एका चुकीची पिल्लं आहेत.

पट्टा कसा घ्यावा

टांगायच्या पट्ट्याला सहसा दोन पदर असतात: एक कापडी, एक चामड्याचा. कापडी पदर ताग, सुती कॅनव्हास किंवा लिननचा. तो जरा खरखरीत असतो, काठ साफ करतो आणि थोडा ऊबदारही करतो. चामडं गाईचं किंवा घोड्याचं असतं. घोड्याचं चामडं गुळगुळीत असतं आणि त्यावर पातं सुळकन सरकतं. गाईच्या चामड्यावर पात्याला किंचित ओढ जाणवते. दोन्हींवर उत्तम धार राहते, हा आवडीनिवडीचा भाग. मला थोडी ओढ असलेलं आवडतं, कारण पातं नीट टेकलंय की नाही हे बोटांना कळतं.

रुंदी मात्र आवडीचा विषय नाही. पातं साधारण तीन इंच लांब असतं. पट्टा तीन इंच रुंद असेल तर सगळी धार एका ओळीत सरळ जाते. अडीच किंवा दोन इंचाचा असेल तर पातं ओढता ओढता आडवंही सरकवावं लागतं, म्हणजे मुठीकडचा भाग आधी आणि टोकाचा भाग शेवटी चामड्यावरून जातो. दोन्ही बाजूंच्या फेऱ्या मिळून पट्ट्यावर फुली उमटावी, तसा तो मार्ग होतो. अरुंद पट्ट्यावर सरळ फेऱ्या मारल्या तर टोक किंवा टाच, म्हणजे मुठीकडचा भाग, उपाशी राहते, आणि महिनाभरानं ‘माझा वस्तरा टोकाकडेच का ओढतो’ असा प्रश्न पडतो.

पहिला पट्टा महागाचा घेऊ नका. तुम्ही तो कापणार आहात. मी कापला, मला ओळखीचे असलेले सगळे कापून बसलेत. हात बसला की चांगला घ्या. टांगायला जागा नसेल किंवा ताण सांभाळता येत नसेल, तर लाकडी फळीवर चिकटवलेलं चामडं नवशिक्याला जास्त सोयीचं. ते झोल खात नाही. कमरेचा जुना पट्टा चालेल का, असं हमखास विचारलं जातं. वर नक्षी, रंगाचा थर किंवा शिवण नसेल आणि चामडं सपाट असेल तरच. तसा पट्टा सापडणं कठीण.

हात कसा चालवायचा

पट्ट्याचा आकडा कमरेच्या उंचीवर, भिंतीत पक्का. दुसरं टोक डाव्या हातात, आणि पट्टा ताणलेला. ताण किती? पातं मधोमध टेकवलं तर पट्टा दिसण्याइतका खाली जाऊ नये. झोल पडला की चामडं धारेभोवती वळतं आणि काठ घासून गोल करतं. माझ्या तीन आठवड्यांची कथा ती हीच.

सुरू करण्याआधी तळहात चामड्यावरून दोन-चार वेळा फिरवा. धूळ जाते, चामडं ऊब धरतं, आणि हाताचं किंचितसं तेल त्याला मिळतं. एखादा वाळूचा कण जरी पट्ट्यावर राहिला तरी तो धारेला खाच पाडू शकतो. तळहाताला तो आधी कळतो.

वस्तरा उघडून मूठ आणि पातं एका रेषेत आणा. पात्याच्या मागच्या दांड्याला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा, मूठ बाकीच्या बोटांत सैल राहू द्या. पेन्सिल बोटांत फिरवावी तसा वस्तरा या चिमटीतच गोल फिरायला हवा. मनगट वळवून पातं उलटायला जाल तर पाठ उचलली जाणारच.

आता पातं पट्ट्यावर आडवं ठेवा. पाठ आणि धार दोन्ही टेकल्या आहेत हे बघून घ्या आणि पाठीच्या दिशेनं ओढा. पाठ पुढे, धार मागून. ही दिशा चुकली की पट्टा कापला गेलाच समजा, आणि धारही गेली. टोकाशी आल्यावर थांबा. खरोखर थांबा. मग पाठ चामड्यावरच ठेवून पातं तिच्यावरून उलटं करा, दुसरी बाजू टेकली की परत उलट दिशेनं, पुन्हा पाठ पुढे. एक जाणं आणि एक येणं मिळून एक फेरी.

‘थांबा’वर एवढा जोर देण्याचं कारण आहे. पट्टे कापले जातात ते वळणावर. पातं अजून सरकत असताना उलटवायला घेतलं, किंवा पुरतं उलटण्याआधीच परत ओढायला सुरुवात केली, की धार चामड्यात रुतते. सिनेमातला न्हावी सटासट हात चालवतो ते पाहून आपल्यालाही ते करावंसं वाटतं. वेगाचा धारेला काडीचा उपयोग नाही. पहिला आठवडा तर वस्तऱ्याला हातच लावू नका. लोणी लावायची बोथट सुरी घेऊन तीच वळणं घटवा. बायको किंवा नवरा हसेल, हसू द्या.

आणि दाब. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन, शिवाय पातं चामड्याला लागून राहील इतकाच आधार. अंदाज येत नसेल तर आवाज ऐका. बहुतेक वस्तऱ्यांच्या बाजू आतून पोखरल्यासारख्या खोल घासलेल्या असतात आणि असं पातळ पातं पट्ट्यावर गातं. जाताना आणि येताना एकच सूर हवा. येताना आवाज बदलला तर एका बाजूनं तुम्ही जास्त दाबताय किंवा पाठ उचलताय. दोन्ही बाजू जाड असलेली जुन्या धाटणीची पाती गात नाहीत, त्यांचा नुसता सरसर आवाज येतो. तिथे बोटांवरच भिस्त.

किती फेऱ्या? दाढीच्या आधी कापडावर २० आणि चामड्यावर ४० ते ५० हा बऱ्याच जणांचा पाठ आहे आणि मलाही तो पटतो. कुणी चामड्यावर ३० वर थांबतो, कुणी ६० करतो. आकड्याहून प्रत्येक फेरी सपाट गेली का हे महत्त्वाचं. लक्ष उडालं की थांबा. दहा चांगल्या फेऱ्यांची धार शेवटच्या एका वाकड्या फेरीत जाते, हे मी अनेकदा अनुभवलंय, आणि ती शेवटची फेरी नेहमी घाईत असते.

धार आली का, हे पाहण्यासाठी अंगठा काठावर फिरवू नका. हातावरच्या केसांवरून, कातडीला न लावता, पातं सेंटिमीटरभर उंचीवरून न्या. केस आवाज न करता गळून पडले तर ठीक. डोक्याचा एक धुतलेला केस एका टोकाशी धरून धारेवर सोडला आणि तो आपसूक तुटला तर उत्तम. पण केस माणसागणिक वेगळे असतात, तेव्हा हा निकाल आपल्याच केसांशी ताडून बघायचा. तिसरी खूण उजेडाची: दिव्याखाली काठ सरळ डोळ्यांसमोर धरला आणि त्यावर कुठे चमकता ठिपका किंवा रेघ दिसली, तर तिथे काठ बोथट आहे. खऱ्या धारेवर उजेड परतवायला जागाच नसते.

दाढीच्या वेळी सांभाळायच्या दोन गोष्टी

पातं चेहऱ्याशी साधारण ३० अंशांत ठेवा. त्याहून फार उभं धरलं तर ते खरवडतं, आणि काठावर आडवा ताण येतो.

दुसरी गोष्ट नळ. वस्तऱ्याला पडणाऱ्या मोठ्या खाचा मी पाहिल्या त्या बहुतेक नळाला किंवा बेसिनच्या कडेला पातं लागून पडलेल्या. फेस झटकायला पातं कशावरही आपटू नका. बेसिनच्या तळाशी एक जाडसा टॉवेल अंथरा आणि फेस ओल्या कापडावर पाठीकडून पुसा. वस्तरा हातातून सुटला तर झेलू नका, पडू द्या. धार पुन्हा लावता येते.

दाढीनंतरची दहा मिनिटं

पोलाद साधं कार्बनचं असेल तर ओलावा त्याला तासाभरात डाग पाडू शकतो. पात्याच्या अंगावर दिसणारा डाग हा शोभेचा प्रश्न. काठावरचा गंज दिसत नाही आणि खरं नुकसान तिथे होतं. मायक्रॉनहून पातळ किनारीला खायला गंजाला कितीसा वेळ लागणार? स्टेनलेस पातं यात बरंच सोशिक आहे, पण गंजापासून पूर्ण मुक्त तेही नाही.

पातं कोमट पाण्यानं धुवा, पण पाणी मुठीच्या खिळ्यापर्यंत जाऊ देऊ नका. मिटायच्या सांध्यात पाणी शिरलं की ते आठवडाभर तिथेच राहतं आणि गंज आतून सुरू होतो. मऊ कापडानं पाठीकडून धारेच्या दिशेला पुसा. धारेकडून पाठीकडे पुसलं तर कापड कापलं जातं, आणि बोटंही. सांध्यात ओल राहिली असं वाटलं तर टॉयलेट पेपरची घडी आत सरकवून ती टिपून घ्या.

मग कापडी पट्ट्यावर १० फेऱ्या. याचं काम धार आणणं नव्हे, काठावरची उरलीसुरली ओल आणि साबण काढणं. चामड्यावर नको, ओल चामड्याला नकोशी असते. त्यानंतर वस्तरा अर्धा उघडा ठेवून तासभर हवेवर वाळू द्या आणि मगच मिटा.

रोज वापरत असाल तर तेलाची गरज कमीच. दोन-चार दिवसांचा खंड पडणार असेल, किंवा हवा दमट असेल, तर खनिज तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन पात्याच्या दोन्ही अंगांवर पातळ पसरा. कॅमेलियाच्या बियांचं तेलही चालतं. जपानमध्ये हत्यारांना तेच लावायची परंपरा आहे. स्वयंपाकघरातलं तेल लावू नका, ते काही दिवसांत चिकट होतं आणि मग पातं पट्ट्यावर सरकत नाही. पुढच्या दाढीच्या आधी तेल पुसायला विसरू नका, नाहीतर ते सगळं चामड्याला.

न्हाणीघरात वस्तरा ठेवायचा नाही. चामड्याच्या म्यानातही नाही. चामडं हवेतली ओल धरून ठेवतं आणि पात्याला देतं. कोरड्या खोलीतला एक डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं. जुने वस्तरे जमवण्याचा नाद असेल तर आणखी एक सांभाळा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी वय झालं की कुजायला लागतात आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. असा वस्तरा बाकीच्यांबरोबर बंद डब्यात ठेवला तर त्याचं पातं तर गंजतंच, शेजाऱ्यांनाही तो घेऊन बुडतो. मूठ पारदर्शक रंगाची असेल आणि त्या भागातच पात्यावर गंज चढत असेल, तर त्याला वेगळं, उघड्यावर ठेवा.

वस्तऱ्याला दाढीनंतर ‘विश्रांती’ हवी, असं जुनं मत आहे. आठवड्याच्या सात दिवसांचे सात वस्तरे एका पेटीत, प्रत्येकावर वार कोरलेला, असे संच याच समजुतीवर विकले जात. लवलेली किनार आपसूक जागेवर येते, असं सांगितलं जाई. मला यात सांध्यातली ओल पुरती वाळण्याचा फायदा दिसतो, आणि तो खराच आहे. एकच वस्तरा असेल तरी काही बिघडत नाही.

पट्ट्याची निगा

चांगल्या चामड्याला सगळ्यात जास्त लागतो तो तळहात. रोज वापरण्याआधी घासला तर वर्षानुवर्षं दुसरं काही लागत नाही. चामडं कोरडं पडून कडक वाटलं, पातं त्यावर निसटू लागलं, तर नीट्सफूट तेलाचे (चामड्याला लावायचं तेल) तीन-चार थेंब तळहातावर घेऊन चोळा आणि दिवसभर तसंच टांगून ठेवा. थेंब म्हणजे थेंब. तेलात भिजलेलं चामडं मऊ होऊन ताणतं आणि मग झोल खातं. पट्टा गुंडाळून किंवा घडी करून ठेवू नका. घडीच्या जागी उंचवटा येतो आणि धार रोज त्यावरून जाते.

पट्टा कापला गेलाच तर घाबरू नका. कडेची बारीक खाच धारेला त्रास देत नाही. मधेच पापुद्रा उठला असेल तर त्याखाली रबर सिमेंट या गोंदाचा बारीकसा थेंब लावून दाबा, वाळल्यावर ६०० नंबरच्या सँडपेपरनं सपाट करा, धूळ पुसा, तळहात फिरवा. खोल आरपार चिरा असतील तर मात्र तो पट्टा मोडीत.

कापडी पदर कधीमधी साबणाच्या कोमट फेसानं घासून, ताणून वाळवा. त्यात साबणाचा आणि पोलादाचा काळा मळ साठतो.

पेस्ट कधी लावावी

हळूहळू एक दिवस येतो जेव्हा पट्टा मारूनही वस्तरा पहिल्या दिवसासारखा जात नाही. ओढत नाही, पण गालावरून जाताना आवाज वाढलेला असतो आणि हनुवटीखाली दुसऱ्यांदा हात फिरवावा लागतो. दगडाकडे जाण्याआधी पेस्टचा टप्पा आहे. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या कणांची असते. लोखंडाच्या ऑक्साइडची लाल पेस्ट तिच्याहून सौम्य काम करते. हिऱ्याची अर्धा किंवा पाव मायक्रॉनची फवारणी जलद कापते आणि तिच्या हाती धार थोडी कडवी लागते.

पेस्ट रोजच्या चामड्यावर कधीही लावू नका, ती परत निघत नाही. वेगळी फळी ठेवा: बाल्सा लाकडाची सपाट पट्टी किंवा फळीवर चिकटवलेलं पातळ चामडं. पेस्ट खडूच्या रेघेइतकी विरळ, अंग हिरवं दिसेल इतकी नाही. दाब शून्य, पाठ पुढे, १० ते १५ फेऱ्या. मग पातं कापडानं पुसून कोऱ्या चामड्यावर ५० फेऱ्या, म्हणजे पेस्टचा कण पट्ट्यावर जाणार नाही.

हा उपाय काही आठवड्यांतून एकदा. लोकांना त्याची चटक लागते, कारण पहिल्यांदा जादूसारखा गुण येतो. पण मऊ पृष्ठभागावरची पेस्ट काठाला दर वेळी थोडं फुगीर करते आणि पाच-सहा वेळांनंतर त्या फुगीर काठाला पेस्ट पुरेनाशी होते. दोन वेळा पेस्टनं भागलं नाही तर तिसऱ्यांदा दगड काढा.

दगडावरची उजळणी

पट्ट्यावर पाठ पुढे जाते. दगडावर धार पुढे. हे उलटं का, असं विचाराल तर दगड कठीण आणि सपाट असतो, त्यात धार रुतत नाही. चामड्यात रुतते. मऊ पृष्ठभागावर पाठ पुढे, कठीण दगडावर धार पुढे, असं मनात बसवून घ्या.

उजळणीला, म्हणजे मंदावलेली धार ताजी करायला, सगळे दगड लागत नाहीत. १२,००० ग्रिटचा एक बारीक दगड पुरतो (ग्रिटचा आकडा जेवढा मोठा, तेवढा दगड बारीक). तो आधी सपाट आहे याची खात्री करा. मधे खोलगट झालेला दगड पात्याचा आकार बिघडवतो. पाणी शिंपडा, पातं आडवं टेकवा, धार पुढे करून हलक्या हातानं १५-२० फेऱ्या मारा. इथेही दाब नको. पाणी धारेच्या पुढे सारखं ढकललं जाऊन काठावर चढायला लागलं की धार दगडाला सगळीकडे भेटतेय. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर विजेची टेप लावून धार लावलेली असेल, तर उजळणीलाही तेवढाच थर लावायला हवा. टेपनं कोन बदलतो. कधी लावली, कधी नाही, असं केलं तर दगड धारेला लागतच नाही.

नैसर्गिक दगडांत बेल्जियमच्या आर्देन भागातला कोटिक्यूल वस्तऱ्यांसाठी पिढ्यान् पिढ्या वापरला गेलाय. त्यात गार्नेटचे बारीक कण असतात आणि दगडावर घासून केलेल्या दुधट लगद्यात पाणी वाढवत गेलं की तोच दगड आधी जलद आणि मग सौम्य काम करतो. न्हावी धोकटीत बाळगत ते छोटे कृत्रिम दगड तर पाच-दहा फेऱ्यांतच उजळणी करतात. तिथे जास्त फेऱ्या मारल्या तर काठ ठिसूळ होतो.

काठाला डोळ्यांना दिसणारी खाच असेल तर यातलं काहीच चालणार नाही. मग १,००० ग्रिटपासून उतार नव्यानं पाडायचा, ४,००० किंवा ५,०००, ८,००० असं चढत १२,००० वर यायचं. पहिल्या खेपेला हे काम जाणकाराकडून करून घ्या आणि जमलं तर शेजारी उभं राहून बघा. स्वतः शिकायचंच असेल तर पैसे घालून घेतलेल्या वस्तऱ्यावर नको, एखाद्या जुन्या बाजारातल्या गंजक्या पात्यावर हात घाला.

वस्तरा काय सांगतोय

सगळीकडे सारखा ओढत असेल तर पट्टा सैल की हात जड, हे आधी तपासा. आठवडाभर फळीवरचं चामडं वापरून पाहा. फक्त टोक किंवा फक्त टाच ओढत असेल तर तिरक्या फेऱ्या नीट होत नाहीयेत, किंवा पट्टा कडेला वळलाय. कापतो छान पण नंतर चेहरा चुरचुरतो, असं असेल तर कोऱ्या चामड्यावर २० फेऱ्या वाढवा. दगडावरून किंवा पेस्टवरून नुकत्या आलेल्या काठावर एक पातळ, कडक किनार उभी राहते, ती चामड्यानं उतरते. काल उत्तम आणि आज एकदम खराब, असं झालं तर पट्ट्याकडे बघायच्या आधी भिंगातून काठ बघा: नळ लागला असेल, किंवा रात्रभर ओल राहिली असेल.

माझ्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीखाली एक कागद असतो. दगडावर शेवटचा कधी घेतला, पेस्ट कधी लावली, एवढ्याच तारखा. पहिल्या वर्षी त्यावर दगडाच्या तारखा दोन-दोन महिन्यांनी पडत होत्या. सध्या लिहिलेली शेवटची तारीख बघायला कागद उलटावा लागतो.